कॅरॅव्हॅन हॉलचे दार

२ जुलै १९३९, रविवार. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील कॅरॅव्हॅन हॉल या सभागृहात पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. ‘जागतिक’ हे विशेषण जरा भारदस्तच म्हणायचे. जमलेली माणसे सुमारे दोनशे, त्यांतली बरीचशी विशीच्या आगेमागे असलेली पोरे. त्या वर्षी शहरात ‘उद्याचे जग’ ही कल्पना घेऊन जागतिक प्रदर्शन भरले होते. त्याच्या नावावरून हे विशेषण उचललेले. मासिकांची मुखपृष्ठे रंगवणारा फ्रँक आर. पॉल मानाचा पाहुणा होता. लॉस एंजेलिसहून आलेला फॉरेस्ट अॅकरमन भविष्यकालीन पोशाख घालून वावरत होता. त्याच्याकडूनच उसने पैसे घेऊन अठरा वर्षांचा रे ब्रॅडबरी बसने खंड ओलांडून आला होता. आपल्या साहित्य संमेलनाच्या मांडवाची सवय असलेल्या वाचकाला हे दृश्य पोरकट वाटेल. पण मांडव आला की मांडवाबाहेर कोण, हा प्रश्नही येतोच, आणि तो येथे पहिल्याच दिवशी आला.

एकोणीस वर्षांचा आयझॅक असिमॉव्ह त्या दिवशी आत गेला. त्याचे सहा मित्र बाहेर राहिले.

हे मित्र म्हणजे ‘फ्युचरियन्स’ या मंडळातले डोनाल्ड वोल्हाइम, फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लुथ, रॉबर्ट लाउंड्स, जॉन मिशेल आणि जॅक गिलेस्पी. मंडळ स्थापन झाले १९३८च्या सप्टेंबरात, आणि असिमॉव्ह त्यात अगदी आरंभापासून होता. या तरुणांपैकी कित्येकांचा कल डावीकडे होता; विज्ञानकथेने जग बदलण्याच्या कामी यावे असे त्यांना वाटे. संमेलनाची सूत्रे होती सॅम मॉस्कोविट्झ, जेम्स टॉरासी आणि विल सायकोरा या त्रयीकडे, आणि दोन्ही गटांत जुने वैर होते. दाराशी संयोजकांच्या हाती काही पत्रके लागली. त्यांत संयोजकांच्या हुकूमशाहीविरुद्ध इशारा दिलेला होता. हे काम वोल्हाइमच्या कंपूचेच, असे ठरवून सहा जणांना अडवण्यात आले. यातली गंमत अशी, की पत्रकाचा लेखक डेव्हिड काइल हा आत बसला होता!

या भांडणावर पुढे भरपूर शाई खर्ची पडली. मॉस्कोविट्झने १९५४ साली पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या इतिहासात संयोजकांची बाजू मांडली. पोलने १९७८च्या आठवणींत, आम्हीही कमी शिष्ट नव्हतो, अशी कबुली हसतहसत दिली. इतिहासाच्या दृष्टीने मला अधिक बोलका वाटतो तो मधला माणूस. असिमॉव्ह दोन्हीकडचा होता. ब्रुकलिनमध्ये वडिलांच्या मिठाईच्या दुकानात विक्रीला येणारी मासिके वाचून तो घडला होता. त्याची पहिली कथा त्याच वर्षीच्या मार्च महिन्याच्या ‘अमेझिंग स्टोरीज’मध्ये आली होती आणि जुलैच्या ‘अस्टाउंडिंग’मध्ये आणखी एक. म्हणजे तो चाहता होताच, पण आता लेखकही होता, आणि लेखकाला दार उघडे होते. इतकेच नव्हे, त्याला व्यासपीठावरही बोलावण्यात आले. मित्रांसोबत आपण बाहेर थांबलो नाही, याची बोच त्याने पुढे आत्मचरित्रात व्यक्त केली आहे. असिमॉव्ह १९३८पासून रोजनिशी लिहीत असे आणि १९७९ व १९८० साली निघालेले आत्मचरित्राचे दोन जाडजूड खंड तिच्याच आधारे रचलेले आहेत. त्यामुळे तपशिलांच्या बाबतीत तो सहसा विश्वासार्ह साक्षीदार ठरतो. स्वतःविषयीच्या निवाड्यांचे मात्र तसे म्हणता येत नाही.

बाहेर राहिलेल्यांपैकी वोल्हाइम, पोल आणि लाउंड्स पुढे या क्षेत्रातले नामवंत संपादक झाले. त्यांच्यासाठी दार फार काळ बंद राहिले नाही. असिमॉव्हसाठी तर संमेलन म्हणजे घरच झाले. विमानाची त्याला भीती. आयुष्यात तो दोनदाच विमानात बसला. म्हणून आगगाडीने किंवा मोटारीने पोचता येईल तेवढीच संमेलने तो गाठी. १९५५ साली क्लीव्हलंडला तो मानाचा पाहुणा होता. आपल्याला ह्यूगो पुरस्कार मिळत नाही ही तक्रार तर त्याने इतकी खुबीने वाढवली, की १९६२ साली ह्यूगोविजेत्या कथांचा संग्रह संपादताना प्रस्तावनेचा विषयच ती झाली. १९६३ साली वॉशिंग्टनला सूत्रसंचालन करतानाच त्याला विशेष ह्यूगो मिळाला. १९६६ साली पुन्हा क्लीव्हलंडलाच सर्वकालीन सर्वोत्तम मालिकेचा पुरस्कार ‘फाउंडेशन’ला मिळाला, तो टॉल्किनला जाणार, अशी त्याची स्वतःची समजूत होती. हे प्रसंग तो फार रंगवून सांगतो. वाचक हसतो, आणि हसता हसता त्याच्या बाजूचा होतो.

येथे जरा थांबावे लागते. संमेलनांत तो स्त्रियांशी जी सलगी करी, तीही याच हसऱ्या सुरात सांगितली जाते. १९६१ साली, पुढच्या वर्षीच्या शिकागो संमेलनासाठी, स्त्रियांना मागून चिमटे काढण्याच्या कलेवर त्याने विनोदी व्याख्यान द्यावे, असे पत्र संयोजकांनीच त्याला लिहिले. उत्तरही थट्टेतच आले. व्याख्यान झाले नाही. १९७१ साली ‘डॉ. ए’ या नावाने त्याने याच प्रवृत्तीवर एक विनोदी पुस्तक काढले. थट्टेचा विषय झालेल्या स्त्रियांना काय वाटले, याला या कागदपत्रांत जागा नाही. ज्या माणसाला १९३९चे एक दार चाळीस वर्षांनीही टोचत होते, त्याला येथे टोचण्यासारखे काही दिसले नाही. आपल्या वागण्यामुळे कोणासाठी तरी ते घर परके होत असेल, ही शक्यता त्याच्या विनोदाच्या कक्षेत बसत नव्हती. चरित्रकार अॅलेक नेव्हाला-ली यांनी २०१८चे पुस्तक आणि २०२०चा एक निबंध यांत हे पुरावे एकत्र मांडले, तेव्हा अनेकांना धक्का बसला. खरे तर लपलेले असे काहीच नव्हते. सगळे छापलेले होते, फक्त विनोद म्हणून वाचलेले होते. विद्यार्थ्यांपुढे आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार ठेवताना मी अलीकडे याच खंडांचा दाखला देतो: लेखक कुठे खजील होतो तेवढेच पाहू नका, कुठे हसवतो तेही पाहा.

उलट बाजूची साक्षही आहे. ज्युडिथ मेरिल ही चाळिसच्या दशकात फ्युचरियन मंडळात आलेली लेखिका आणि संपादक. काही काळ पोलची पत्नी. असिमॉव्हचे हात कसे सर्वत्र पोचत, हे तिने आपल्या आठवणींत नाव घेऊन लिहिले, आणि आपण एकदा त्याच्याच पद्धतीने त्याची परतफेड कशी केली तेही. त्यात ना त्रागा, ना थट्टेआड दडणे. मेरिल १९९७ साली वारली. तिची नात एमिली पोल-वीअरी हिने हे लेखन पुरे करून २००२ साली प्रसिद्ध केले. पुढच्या वर्षी, टोरांटो येथे भरलेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात, या पुस्तकाला ह्यूगो पुरस्कार देण्यात आला.