वैरागडच्या वाटेवरच्या दोन रोजनिश्या

#थ्रेड

१/
अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स रेनेल याने तयार केलेला हिंदुस्थानचा नकाशा इंग्रजांच्या दृष्टीने सर्वांत विश्वसनीय मानला जाई. त्या नकाशात वऱ्हाड, ओरिसा आणि उत्तर सरकार या प्रदेशांच्या मध्ये एक मोठी जागा जवळजवळ कोरी होती. आजच्या गडचिरोली जिल्ह्याचा बराचसा भाग या कोऱ्या जागेत येतो.

२/
ही जागा भरण्यासाठी १७९५ मध्ये कॅप्टन जेम्स ब्लंट हा कंपनीचा अधिकारी गंगाकाठच्या चुनारहून दक्षिणेस निघाला. रतनपूर, रायपूर, कांकेर असा प्रवास करीत तो वैरागडच्या मुलखात आला. बस्तरमध्ये शिरण्याचा त्याचा प्रयत्न फसला. पुढे भोपालपट्टणच्या परिसरात गोंडांनी त्याच्या तुकडीवर हल्ला केला, तेव्हा त्याला वाट बदलून निजामाच्या मुलखाकडे वळावे लागले. अखेर तो आंध्रातील येर्नगूडेमला पोहोचला.

३/
त्याचे प्रवासवृत्त कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेच्या सातव्या खंडात छापले गेले. या अरण्यांविषयी इंग्रजीत छापल्या गेलेल्या आरंभीच्या वर्णनांपैकी ते एक होय. इतिहासाच्या वर्गात अशा वृत्तांवर आधारलेला एक स्वाध्याय अनेक देशांत दिला जातो: ‘तुम्ही शोधप्रवासी आहात अशी कल्पना करा आणि आजच्या दिवसाची रोजनिशी लिहा.’

४/
स्वाध्याय चांगला आहे. रोजनिशी लिहायची तर ऋतू कोणता, पाणी कोठे, ओझे कोण वाहत होते, दिवसात किती कोस चालून होत, हे सारे शोधावे लागते. सनावळी पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला हे प्रश्न कधी पडतही नाहीत. परंतु हाच स्वाध्याय धानोरा किंवा एटापल्लीच्या शाळेत दिला, तर एक विचित्र प्रसंग उभा राहतो. गोंड किंवा माडिया मूल साहेबाच्या भूमिकेत जाऊन आपल्याच आजोबांच्या जंगलाला ‘अज्ञात प्रदेश’ म्हणू लागते.

५/
तो प्रदेश अज्ञात होता तरी कोणाला? ब्लंटच्या सुमारे दोनशे वर्षे आधी अबुल फजलाने ‘ऐन-ए-अकबरी’त वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद केली होती. चांद्याला गोंड राजांचा परकोट उभा होता. वैनगंगेकाठी मार्कंड्याची देवळे शतकानुशतके उभी होती. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ लादून किनाऱ्यावरून आत येत आणि इकडचा माल घेऊन परत जात. कोरा होता तो केवळ कागद.

६/
त्या काळचे मार्ग-सर्वेक्षण कसे चाले, तेही पाहावे. अंतर मोजण्यासाठी दांड्याला जोडलेले एक चाक ढकलत नेत आणि त्याच्या फेऱ्या मोजत. दिशा होकायंत्राने ठरवीत. रात्री ताऱ्यांची उंची मोजून अक्षांश काढीत. मात्र पुढे कोणती वाट धरावी, उन्हाळ्यात कोणत्या नाल्याला पाणी टिकते, कोणता जमीनदार वाट देईल, यांपैकी काहीही ही साधने सांगत नसत. त्यासाठी स्थानिक वाटाड्याच हवा असे.

७/
म्हणजे नकाशात शिरलेले पुष्कळसे ज्ञान वाटाड्याचे, बंजाऱ्याचे आणि गावच्या माणसाचे होते. छापील पुस्तकावर नाव राहिले ते अधिकाऱ्याचे. नागपुरातले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या कागदपत्रांतही हेच दिसते. १८६३ मध्ये ते नाल्यात बुडून मरण पावले. पुढे १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद संपादून प्रसिद्ध केले. त्यांत गोंडांच्या लिंगोचे दीर्घ गीत आहे. ते एका परधान गायकाकडून मिळाले होते. ग्रंथ मात्र हिस्लॉप यांच्या नावाने ओळखला जातो.

८/
यावर एक साधा उपाय आहे. रोजनिशी एक नव्हे, दोन लिहाव्यात. एक अधिकाऱ्याची, दुसरी त्याच दिवसाची, त्याच वाटेवरची, वाटाड्याची. वाटाड्याला लिहिता येत नव्हते ही अडचण नसून स्वाध्यायाचा गाभा आहे. त्याची रोजनिशी ‘सांगितलेली’ असेल. ती कोणाला सांगितली, किती वर्षांनी, कोणत्या भाषेत, हेही विद्यार्थ्याने ठरवावे.

९/
नमुन्यादाखल एक नोंद. ती संपूर्णपणे काल्पनिक आहे:

‘चैतातला दिवस. साहेबाचं चाक नाल्याच्या रेतीत रुतलं. पुढचं पाणी किती कोसांवर, असं त्यानं विचारलं. मोह वेचणाऱ्या बाया दिसल्या, त्यांच्यापाशी पाण्याचा भोपळा नव्हता. मी म्हणालो, पाणी जवळच आहे. त्यानं गावाचं नाव लिहून घेतलं, चुकीचं. मी काही बोललो नाही. टेकडीवरच्या पेनठाण्याबद्दल त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.’

१०/
आता या नोंदीची उलटतपासणी करू. अंतर मोजण्याचे चाक त्या काळच्या सर्वेक्षणात वापरात होते. मोहाची फुले चैत्राच्या सुमारास गळतात आणि ती पहाटेपासून वेचली जातात. युरोपीय नकाशांत गावांची नावे सर्रास विकृत झालेली दिसतात. एवढ्या गोष्टींना आधार आहे. वाटाड्याचे मौन हा मात्र तर्क आहे. तो शक्य आहे, सिद्ध नाही. विद्यार्थ्याने प्रत्येक वाक्यापुढे ‘आधार’ किंवा ‘तर्क’ असे लिहावे. इतिहास आणि कादंबरी यांच्यातली सीमा याच सवयीतून कळते.

११/
एक पथ्य आवश्यक आहे. खऱ्या माणसाच्या तोंडी बनावट वाक्य घालू नये. ब्लंट काय म्हणाला हे त्याच्या वृत्तातूनच घ्यावे. कल्पना करायची ती नाव न उरलेल्या माणसांची, आणि तीही ऋतू, अंतर, साधने व भाषा यांच्या मर्यादेत राहून.

१२/
या वहीतल्या खेळाला इतके महत्त्व का द्यावे? कारण नोंदींमागून सत्ता येते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे गेला. चारच वर्षांनी, २९ एप्रिल १८५८ रोजी, प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारायंत्र खात्याचे गार्टलँड आणि हॉल मारले गेले. त्या उठावाचे नेते मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात फाशी देण्यात आली. १८७८ च्या वन कायद्याने जंगलांचे ‘राखीव’, ‘संरक्षित’ असे वर्ग पाडले. ज्याची नोंद नव्हती, त्याचा हक्क सिद्ध करणे कठीण होऊन बसले.

१३/
हे चक्र उलटे फिरायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. वन हक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्याखालील २००८ च्या नियमांत दाव्यासाठी कोणते पुरावे चालतील याची यादी आहे. तीत गॅझेटियर, नकाशे, सर्वेक्षण आणि जमाबंदीचे अहवाल आहेत. त्याच यादीत दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही आहे. अधिकाऱ्याची वही आणि म्हाताऱ्या माणसाची आठवण कायद्याने एकाच पंक्तीला बसवली.

१४/
धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांत त्याची गणना होते. रेनेलच्या काळी ज्या मुलखाची जागा कोरी होती, तेथील एका गावाने आपल्या जंगलाची सीमा स्वतः सांगितली आणि शासनाने ती कागदावर घेतली.

१५/
म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांनी साहेबाची रोजनिशी अवश्य लिहावी. त्यातून निरीक्षण, मोजमाप आणि शिस्त शिकता येते. मात्र दुसरी वही उघडण्यापूर्वी गावातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीकडे जावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात: उन्हाळ्यात आटत नाही तो झरा कोणता, बाजाराची जुनी पायवाट कोठून जात असे, आणि त्या वाटेवरच्या टेकड्यांना गोंडीत किंवा माडियात काय म्हणतात. उत्तरे तारखेसह, सांगणाऱ्याच्या नावानिशी आणि परवानगीने लिहून ठेवावीत. ब्लंटच्या वाटाड्याचे नाव कोणी लिहून ठेवले असते, तर आज त्याची रोजनिशी कल्पनेने लिहावी लागली नसती.