घरट्यापाशीं नेलेला कॅमेरा

परसांतील पांखरांचीं छायाचित्रें घेण्याचा नाद ज्यांना नुकताच लागला आहे, त्यांस रिचर्ड व चेरी कीर्टन या इंग्रज बंधूंची ओळख करून द्यावी असें आम्हांस वाटतें. यॉर्कशायरमधील थ्वेट या खेड्यांतले हे शेतकऱ्याचे मुलगे पुढें लंडनच्या कॅसेल प्रकाशनसंस्थेंत नोकरीस लागले. १८९२ च्या एप्रिलांत लंडनच्या उत्तरेस त्यांनीं थ्रश पक्ष्याच्या घरट्याचें, आंतील अंड्यांसह, छायाचित्र घेतलें. अशा प्रकारचें तें पहिलेंच, असें मानितात. नवशिक्यास विषय सोयीचा, कारण अंडीं कांहीं उडून जात नाहींत! परंतु त्या काळीं अंडीं ही गोळा करून खणांत मांडून ठेवावयाची वस्तु होती. घरट्यास धक्का न लावितां त्याची आठवण घरीं नेतां येते, हें या चित्रानें दाखविलें. १८९५ सालीं निघालेला त्यांचा घरट्यांवरील ग्रंथ सर्वस्वीं छायाचित्रांनींच सजविलेला होता.

जिवंत पक्षी टिपणें मात्र अवघड. फार जवळ गेल्यास मादी घरटें टाकून जाते आणि पिलें उपाशी मरतात. म्हणून लपण्याची विद्या आली. १९०० सालीं या बंधूंनीं बैलाचें कातडें सांगाड्यावर चढवून आंत पोकळ ठेविलें व कॅमेरा घेऊन ते त्याच्या पोटांत शिरूं लागले. पांखरें गुरांना भीत नाहींत, हें शेतकऱ्याच्या पोरांस कोणी शिकवावयास नको होतें. आंत उकाड्यानें जीव मेटाकुटीस येत असेल खरा. पण हा त्रास पांखराऐवजीं माणसानें सोसला, यांतच आम्हांस त्यांचें मोठेपण दिसतें. पुढें चेरी आफ्रिकेंत गेला व १९०९ सालीं थिओडोर रूझवेल्ट यांच्या तेथील सफरीचा चलत्पट त्यानें घेतला. रिचर्ड मायदेशींच्या घरट्यांवर लिहीत राहिला.