व्यत्यय संकेत, संगणकीय

संगणकाचा संस्कारक आज्ञा क्रमाने पार पाडीत असताना त्याचे लक्ष वेधण्यासाठी एखाद्या उपकरणाने पाठविलेल्या विद्युत् संकेतास व्यत्यय संकेत म्हणतात. संकेत येताच चालू काम थांबवून त्याची स्थिती नोंदविली जाते, उपकरणाची सेवा-आज्ञावली पार पाडली जाते व मूळ काम पुढे चालू होते. बिनतारी चिप आलेल्या संदेशाची वर्दी अशीच देते. वऱ्हाडातील स्वयंचलित पर्जन्यमापनाशीही या संकेतांचा निकटचा संबंध आहे.

इतिहास : पूर्वी संस्कारकाला उपकरणाची अवस्था वारंवार तपासावी लागे व त्यात बराच वेळ वाया जाई. अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेच्या डायसीॲक (१९५४) या संगणकात आदान-प्रदानासाठी व्यत्ययाची सोय होती. नेदर्लंड्समधील एक्स-१ या संगणकातील व्यत्ययांसाठी एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी आज्ञावली लिहिली आणि १९५९ मध्ये त्यावर प्रबंध सादर केला. संकेत केव्हा येईल हे अनिश्चित असल्याने त्यातून उद्‍भवणारा दोष हवा तेव्हा पुन्हा घडवून आणता येत नाही; म्हणून केवळ चाचणीवर न विसंबता रचनेची निर्दोषता तर्काने पटवावी लागते, हे त्यांच्या ध्यानी आले. व्यत्ययांच्या दोषशोधनाचे हे मूलतत्त्व आजही टिकून आहे.

दोष व त्यांचा शोध : काही उपकरणांचा संकेत विद्युत् दाब बदलण्याच्या क्षणी, तर काहींचा दाब विशिष्ट पातळीवर असेपर्यंत ग्राह्य धरतात. चिप व संस्कारक यांचा याबाबत मेळ नसल्यास संदेश हरवतात किंवा संकेतांचा अखंड मारा सुरू होतो. लिनक्स प्रणालीत एका मार्गावरील एक लाख संकेतांपैकी ९९,९०० हून अधिक संकेतांना कोणी वाली नसेल, तर तो मार्गच बंद केला जातो. अशा वेळी चिप व आज्ञावली ही दोन्ही टोके तपासावी लागतात.

वऱ्हाडातील उपयोग : महाराष्ट्र शासनाच्या महावेध प्रकल्पात अकोला व अमरावती जिल्ह्यांसह राज्यभर महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. अशा केंद्रांत सामान्यतः कलत्या पात्राचा पर्जन्यमापक असतो. ठरावीक पाणी साचताच पात्र कलंडते, त्यावरील चुंबकामुळे स्विच क्षणभर मिटतो व व्यत्यय संकेत निर्माण होतो. स्विचची पाती मिटताना थरथरल्यास एकच कलंडणे दोनदा मोजले जाते. उलट बिनतारी चिप नोंदी पाठवीत असताना व्यत्यय फार वेळ रोखून धरल्यास मुसळधार पावसातील काही नोंदी गळतात. पहिल्या दोषावर थरथर शोषणारे विद्युत् मंडल, तर दुसऱ्यावर स्वतंत्र गणक हा उपाय आहे. मोजलेले पाणी सावकाश ओतून कलंडण्यांची संख्या पडताळता येते. मात्र नोंदी पाठविल्या जात असतानाही ही परीक्षा घ्यावी लागते, कारण दुसरा दोष त्याच वेळी प्रकट होतो.

हवामानाधारित फळपीक विम्यात वरुड-मोर्शी भागातील संत्र्याची भरपाई केंद्राच्या नोंदींवरून ठरते. त्यामुळे क्षणार्धाच्या या संकेतातील चूक बागायतदाराच्या हिशेबापर्यंत पोहोचू शकते.