पॅकेट सॉकेटमधील रेस कंडिशन

पॅकेट सॉकेटमधील रेस कंडिशन : लिनक्स कर्नलच्या नेटवर्किंग विभागातील एक गंभीर समकालिकता-दोष. सीव्हीई-२०१६-८६५५ या क्रमांकाने तो नोंदला गेला. २०११ साली कर्नलमध्ये शिरलेला हा दोष नोव्हेंबर २०१६ च्या अखेरीस दुरुस्त झाला व डिसेंबरात जाहीर करण्यात आला.

पार्श्वभूमी : नेटवर्कवरील पॅकेटे त्यांच्या शीर्षभागासह जशीच्या तशी प्रोग्रामच्या हाती देणे, हे पॅकेट सॉकेटचे कार्य असून टीसीपीडम्पसारखी निरीक्षणसाधने लिनक्सवर त्याचाच आश्रय घेतात. प्रत्येक पॅकेटासाठी कर्नलकडे स्वतंत्र मागणी करण्याचा खर्च वाचावा म्हणून कर्नल आणि प्रोग्राम या दोघांना सामाईक असा रिंग बफर योजलेला असतो. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत पॅकेटे ठोकळ्याठोकळ्याने साठवली जातात, आणि अर्धवट भरलेला ठोकळाही ठराविक मुदतीनंतर प्रोग्रामच्या स्वाधीन व्हावा यासाठी एक टायमर चालू ठेवला जातो.

कारणमीमांसा : रिंग उभारणारे ‘पॅकेट_सेट_रिंग’ हे फंक्शन आवृत्ती तिसरी आहे असे पाहून प्रथम टायमर सिद्ध करी, आणि त्यानंतरच सॉकेटचा लॉक घेऊन रिंग सॉकेटला जोडी. आवृत्ती बदलणारा हुकूम आला असता, रिंग आधीच जोडलेली असल्यास तो नाकारावा अशी तपासणी होती खरी. परंतु ती लॉकवाचून होत असे. त्यामुळे एक थ्रेड टायमर सिद्ध करून रिंग जोडण्याच्या बेतात असताना, त्याच सॉकेटवर काम करणाऱ्या दुसऱ्या थ्रेडला आवृत्ती पहिलीवर आणण्यास मोकळीक मिळे. पुढे सॉकेट बंद होताना आवरासावर करणारा कोड आवृत्ती पाही, ती तिसरी नाही म्हणून टायमर थांबवण्याचे प्रयोजन नाही असे मानी, आणि चालू टायमर पोटात असलेली स्मृती मोकळी होई. ही स्मृती आपल्या मजकुराने भरून टायमरमधील फंक्शन-पॉइंटर हवा तिकडे वळवणाऱ्याला रूटचे सर्वाधिकार मिळवता येत. या सॉकेटसाठी विशेष परवाना लागतो हे खरे. तथापि उबुंटूसारख्या ज्या वितरणांत सामान्य वापरकर्त्यास स्वतःची यूजर नेमस्पेस (अधिकारांचे वेगळे, मर्यादित क्षेत्र) उघडण्याची मुभा होती, तेथे तो त्या नेमस्पेसपुरता कोणालाही लाभे.

दुरुस्ती : दुरुस्तीत दोन बदल झाले. रिंग उभारणाऱ्या फंक्शनने लॉक अगदी आरंभीच घ्यावा, आणि आवृत्ती बदलणाऱ्या शाखेने ‘रिंग आहे काय’ ही तपासणी व प्रत्यक्ष बदल ही दोन्ही कामे त्याच लॉकखाली उरकावीत. यांपैकी एकच बदल पुरेसा ठरला नसता. कारण केवळ दुसऱ्या शाखेने लॉक घेतला असता तर टायमरची सिद्धता त्याच्या कक्षेबाहेरच राहिली असती, आणि केवळ पहिल्या फंक्शनने तो लवकर घेतला असता तर लॉक न मानणाऱ्या शाखेला कोणीच अडवले नसते.

महत्त्व : अशा दोषांचा छडा लागणे कठीण असते, कारण दोन थ्रेडांची गाठ अचूक त्या क्षणी पडल्यावाचून ते प्रकटच होत नाहीत. लॉकडेप हे कर्नलमधील साधन लॉक घेण्याच्या क्रमातील विसंगती दाखवते. जो लॉक मुळात घेतलाच नाही त्याची उणीव ते आपण होऊन सांगत नाही. लॉकडेपची ही मर्यादा काही अंशी भरून काढणारे, असंरक्षित समकालिक वाचन-लेखन टिपणारे केसीसॅन हे साधन २०२० मध्ये कर्नलच्या ५.८ या आवृत्तीत दाखल झाले. दरम्यान २०१७ मध्ये सिझकॉलर या स्वयंचलित चाचणीसाधनाने ‘पॅकेट_सेट_रिंग’ याच फंक्शनशी निगडित तसाच आणखी एक दोष उघडकीस आणला : रिंगमधील राखीव जागेचे मान बदलणारी शाखाही लॉकवाचून चालत होती, आणि तिलाही तोच उपाय करावा लागला. एका शाखेतील दोष निवारताना त्याच माहितीला हात लावणाऱ्या सर्व शाखा तपासल्याखेरीज दुरुस्ती पूर्ण झाली असे मानू नये, हा या प्रकरणाचा निष्कर्ष होय.