विश्वदृष्टिविकासाचे अवस्था-सिद्धांत

जग, मनुष्य आणि इष्ट-अनिष्ट यांविषयीच्या मूलभूत कल्पनांचा जो समुच्चय व्यक्तीच्या वा समाजाच्या विचार-आचारांमागे असतो, त्यास विश्वदृष्टी म्हणतात. ही विश्वदृष्टी ठराविक अवस्थांतून ठराविक क्रमाने विकसित होते, असे प्रतिपादन करणाऱ्या उपपत्तींना अवस्था-सिद्धांत ही संज्ञा देता येईल. केवळ कालखंड पाडणे आणि अवस्था मानणे यांत भेद आहे. अवस्था मानताना तीन गोष्टी गृहीत धरल्या जातात : अवस्थांचा क्रम अपरिवर्तनीय असतो, प्रत्येक अवस्थेतील विचारांस एक अंतर्गत रचना असते, आणि पुढची अवस्था मागच्या अवस्थेस पोटात घेऊन तिच्यातील उणिवा दूर करते. यांशिवाय अनेक विचारवंतांनी चौथे गृहीतही स्वीकारले, ते म्हणजे बालकाचा प्रौढत्वाकडे होणारा प्रवास आणि समाजाचा इतिहास हे परस्परांशी समांतर असतात, हे होय. या सिद्धांतांचा इतिहास हा बव्हंशी या चौथ्या गृहीताचा उदय, त्याचे राजकीय परिणाम आणि त्याचे खंडन यांचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : प्राचीन काळी इतिहासाची कल्पना बहुधा ऱ्हासाची किंवा चक्राची होती. भारतीय युगकल्पनेत कृतयुगापासून कलियुगापर्यंत धर्माची उत्तरोत्तर हानी होते. ग्रीक कवी हीसिअड याने सुवर्णयुगापासून लोहयुगापर्यंतची उतरण वर्णिली आहे. इटालियन तत्त्वज्ञ ज्यांबात्तीस्ता व्हीको (१६६८–१७४४) याने नवे शास्त्र (१७२५) या ग्रंथात देवांचे, वीरांचे आणि माणसांचे अशी तीन युगे मानली व प्रत्येक युगाची भाषा, कायदा आणि विचारपद्धती वेगळी असते, असे दाखविले. आद्य मानवाचे काव्यमय विचार हे अज्ञान नसून ती जग समजून घेण्याची एक स्वतंत्र रीत होती, ही त्याची दृष्टी महत्त्वाची आहे. मात्र ही युगे फिरून येतात, असे तो मानी.

सरळ चढत्या रेषेची कल्पना फ्रान्समध्ये दृढ झाली. आन रॉबेर झाक त्यूर्गो (१७२७–८१) याने १७५० साली सॉर्बॉन येथील व्याख्यानात मानवी बुद्धीच्या क्रमिक प्रगतीचे विवेचन केले. काँदॉर्से (१७४३–९४) याने फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात अज्ञातवासात असताना मानवी प्रगतीचा आराखडा लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर १७९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील दहा कालखंडांपैकी दहावा भविष्यकाळाचा आहे.

काँतचा त्रि-अवस्था-नियम : ऑग्यूस्त काँत (१७९८–१८५७) याने या विचारास नियमाचे रूप दिले. १८२२ च्या निबंधात सूचित केलेला हा नियम त्याने प्रत्यक्षार्थवादी तत्त्वज्ञानावरील आपल्या सहा खंडांच्या ग्रंथात (१८३०–४२) सविस्तर मांडला. त्यानुसार मानवी ज्ञानाची प्रत्येक शाखा तीन अवस्थांतून जाते. ईश्वरविद्याविषयक अवस्थेत घटनांची कारणे देवदेवतांच्या इच्छेत शोधली जातात. सत्तामीमांसक अवस्थेत देवतांची जागा ‘सत्त्व’, ‘शक्ती’ यांसारख्या अमूर्त कल्पना घेतात. प्रत्यक्षार्थवादी अवस्थेत अंतिम कारणांचा शोध सोडून देऊन घटनांमधील नियमित संबंध शोधले जातात. पहिल्या अवस्थेचे वस्तुपूजा, अनेकेश्वरवाद आणि एकेश्वरवाद असे तीन टप्पे त्याने कल्पिले. सर्व शास्त्रे एकाच वेळी तिसऱ्या अवस्थेत पोहोचत नाहीत. साध्या विषयांची शास्त्रे आधी व गुंतागुंतीची नंतर पोहोचतात आणि समाजशास्त्राचा क्रम सर्वांत शेवटी लागतो, असे त्याचे मत होते.

या नियमाच्या पुष्ट्यर्थ काँतने व्यक्तीच्या आयुष्याचा दाखला दिला : प्रत्येक जण बालपणी ईश्वरविद्यावादी, तारुण्यात सत्तामीमांसक आणि प्रौढपणी निसर्गवैज्ञानिक असतो. वस्तुतः हा पुरावा नसून केवळ उपमा होती. परंतु ही उपमा पुढे जवळजवळ शतकभर पुराव्याप्रमाणे वापरली गेली.

समांतरतेचा सिद्धांत : एडवर्ड बर्नेट टायलर (१८३२–१९१७) याने आदिम संस्कृती (१८७१) या ग्रंथात जडप्राणवाद हे धर्माचे मूळ रूप मानले आणि सुधारलेल्या समाजांत टिकून राहिलेल्या जुन्या चालीरीतींना ‘अवशेष’ म्हटले. जेम्स जॉर्ज फ्रेझर (१८५४–१९४१) याने जादू, धर्म आणि विज्ञान असा क्रम लावला. याच सुमारास जीवविज्ञानातून या मतास आधार मिळाल्यासारखे वाटले. एर्न्स्ट हेकेल (१८३४–१९१९) याने १८६६ मध्ये मांडलेल्या पुनरावृत्ति-सिद्धांतानुसार गर्भाच्या वाढीत त्या जातीच्या पूर्वजांचा इतिहास संक्षेपाने पुन्हा घडतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रॅन्व्हिल स्टॅन्ली हॉल (१८४६–१९२४) याने पौगंडावस्था (१९०४) या ग्रंथात हा सिद्धांत मनाच्या वाढीस लावला. सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यानेही देवक आणि निषेध (१९१३) या ग्रंथात जडप्राणवादी, धार्मिक आणि वैज्ञानिक या मानवजातीच्या तीन विश्वदृष्टींची सांगड व्यक्तीच्या कामप्रेरणेच्या तीन अवस्थांशी घातली. या सर्व मांडणीत ‘आदिम’ मनुष्य, बालक आणि क्वचित मनोरुग्ण हे एकाच पायरीवर उभे केले गेले.

या जीववैज्ञानिक आधाराचा पाया मुळातच कच्चा होता. एका प्राण्याचा गर्भ दुसऱ्या प्राण्याच्या गर्भासारखा दिसतो, प्रौढ पूर्वजासारखा नव्हे, हे कार्ल एर्न्स्ट फोन बेअर याने १८२८ मध्येच दाखविले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेकेलचा नियम त्याच्या मूळ स्वरूपात त्याज्य ठरला.

राजकीय परिणाम : ही समांतरता केवळ ग्रंथांत राहिली नाही. जेम्स मिल (१७७३–१८३६) याने भारतात कधीही न येता आणि येथील भाषा न शिकता लिहिलेल्या ब्रिटिश भारताच्या इतिहासात (१८१७) संस्कृतीच्या मोजपट्टीवर हिंदू समाजाला खालचे स्थान दिले. कंपनीचे मुलकी अधिकारी जेथे तयार होत, त्या हेलीबरी येथील महाविद्यालयात हा ग्रंथ पाठ्यपुस्तक म्हणून वापरला जाई. त्याचा पुत्र जॉन स्ट्यूअर्ट मिल (१८०६–७३) हा १८२३ ते १८५८ या काळात ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरीत नोकरीस होता. त्याने स्वातंत्र्याविषयी (१८५९) या निबंधात स्वातंत्र्याचे तत्त्व अज्ञान बालकांना लागू नाही असे सांगून त्याच ओघात ‘बाल्यावस्थेतील’ समाजही त्यातून वगळले. बालक आणि समाज यांची उपमा येथे राज्य करण्याचा अधिकार ठरली.

याच मिलच्या आणि हर्बर्ट स्पेन्सरच्या ग्रंथांतून गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) यांनी बुद्धिप्रामाण्याची प्रेरणा घेतली आणि सुधारक (१८८८) या पत्रातून रूढींवर टीका केली. प्रगतीची कल्पना स्वीकारूनही आपल्या समाजाने कोणाच्या पालकत्वाखाली न राहता स्वतःच्या विवेकाने बदलावे, असा त्यांचा आग्रह होता. एकच सिद्धांत सत्ताधाऱ्यास पालकत्वाचे आणि सुधारकास आत्मपरीक्षणाचे साधन होऊ शकतो, हे यावरून दिसते.

मानवशास्त्रीय आक्षेप : फ्रांट्स बोॲस (१८५८–१९४२) याने आदिम मानवाचे मन (१९११) या ग्रंथात मानसिक शक्ती सर्व मानवसमूहांत मूलतः सारख्याच असून भेद परंपरेने हाती आलेल्या सामग्रीत असतो, असे प्रतिपादले. ल्यूस्यँ लेव्ही-ब्र्यूल (१८५७–१९३९) याने १९१० मध्ये आदिम समाजांची विचारसरणी ‘तर्कपूर्व’ असल्याचे म्हटले होते. परंतु त्याच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिपणवह्यांत त्याने स्वतःच ही संज्ञा सोडून दिल्याचे आढळते.

समांतरतेवरील प्रत्यक्ष प्रहार मार्गारेट मीड (१९०१–७८) हिने केला. झां प्याजे (१८९६–१९८०) याने १९२६ मध्ये लहान मुले निर्जीव वस्तूंना चैतन्य व हेतू असल्याचे मानतात, असे दाखविले होते. मीडने १९२८-२९ मध्ये न्यू गिनीजवळच्या ॲड्‌मिरल्टी बेटांतील मानूस समाजात हे पडताळून पाहिले. तेथील मुले नाव वाहून गेल्याचा दोष नावेस देत नसत, ती नीट बांधली नव्हती असे सांगत. उलट प्रौढ माणसे मात्र संकटांची कारणे मृतात्म्यांच्या कोपात शोधीत. मानूस मुलांना पाणी, नाव, अग्नी यांच्याशी लहानपणापासूनच व्यवहार करावा लागे. मृतात्म्यांची विद्या त्यांना मोठेपणी मिळे. अर्थात, येथे बालपणाकडून प्रौढत्वाकडे होणारा प्रवास काँतच्या क्रमाच्या नेमका उलट होता.

व्यक्तिविकासाचे सिद्धांत : प्याजेने बुद्धीच्या वाढीच्या वेदन-कारक, क्रियापूर्व, मूर्त क्रियात्मक आणि औपचारिक क्रियात्मक अशा चार अवस्था सांगितल्या. रुंद पेल्यातील पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतल्यास ते वाढले असे लहान मूल म्हणते. काही वर्षांनी तेच मूल पाणी तेवढेच आहे असे सकारण सांगते. या बदलामागे माहितीची भर नसून विचारांच्या रचनेतील बदल असतो. लॉरेन्स कोलबर्ग (१९२७–८७) याने १९५८ च्या प्रबंधापासून नैतिक विचारांच्या सहा अवस्था मांडल्या. जेम्स फाउलर (१९४०–२०१५) याने ३५९ मुलाखतींच्या आधारे १९८१ मध्ये श्रद्धेच्या अवस्था सांगितल्या.

व्यक्तीच्या बाबतीतही या शिडीच्या वरच्या पायऱ्या वादग्रस्त ठरल्या. औपचारिक विचार हा व्यवसाय व आवड यांनुसार वेगवेगळ्या क्षेत्रांत प्रकट होत असावा, असे प्याजेने १९७२ मध्ये मान्य केले. कॅरल गिलिगनने १९८२ मध्ये कोलबर्गची मोजपट्टी मुलग्यांच्या अभ्यासावर आधारलेली असून जिव्हाळा व जबाबदारी यांवर आधारलेला नैतिक विचार तीत बसत नाही, असा आक्षेप घेतला. जॉन स्नेरी याने १९८५ मध्ये २७ देशांतील ४५ अध्ययनांचा आढावा घेतला. त्यात प्रारंभीच्या अवस्था सर्वत्र आढळल्या, परंतु सर्वोच्च अवस्था प्रामुख्याने शहरी मध्यमवर्गात दिसल्या. रिचर्ड श्वेडर व त्याच्या सहकाऱ्यांनी भुवनेश्वर आणि शिकागो येथे केलेल्या अभ्यासात (१९८७) आहार, वैधव्य इत्यादींविषयीचे नियम अमेरिकनांना केवळ संकेत वाटतात, तर ओडिया लोकांना ते नैतिक कर्तव्ये वाटतात, असे आढळले. हा भेद कनिष्ठ-वरिष्ठ पायऱ्यांचा नसून भिन्न नैतिक विश्वांचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

शिक्षण आणि विचारपद्धती : अलिक्सांद्र लूरिया (१९०२–७७) याने १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तान व किरगीझिया येथील शेतकऱ्यांचा अभ्यास केला. ‘अतिउत्तरेकडील हिमप्रदेशात सर्व अस्वले पांढरी असतात, नोव्हाया झेमल्या तेथे आहे, मग तेथील अस्वले कोणत्या रंगाची?’ या संवाक्यावर निरक्षर शेतकरी, आपण तेथे गेलो नाही, न पाहिलेल्या गोष्टीविषयी आपण बोलत नाही, असे उत्तर देत. थोडे शिक्षण झालेले लोक मात्र निष्कर्ष काढीत. लूरियाने याचे श्रेय सामाजिक परिवर्तनास दिले. तथापि या संशोधनामुळे अल्पसंख्य जमातींची हेटाळणी होते, अशी टीका झाल्याने त्याचा संपूर्ण ग्रंथ १९७४ पर्यंत प्रसिद्ध होऊ शकला नाही. सिल्व्हिया स्क्रिब्नर व मायकेल कोल यांनी लायबीरियातील व्हाय लोकांत या प्रश्नाचा पुन्हा शोध घेतला (१९८१). व्हाय लिपी शाळेत नव्हे, तर घरी शिकली जाते. केवळ ती लिपी येत असल्याने अमूर्त तर्काची सर्वसाधारण शक्ती वाढत नाही. संवाक्यांसारखे प्रश्न सोडविण्याची व त्यांचे स्पष्टीकरण देण्याची सवय शाळेतून येते, असे त्यांना आढळले. म्हणजेच ज्यास समाजाची अवस्था समजले जात होते, ते एका विशिष्ट संस्थेने दिलेले कौशल्य होते.

भारतीय इतिहासलेखन : अवस्थांचा प्रश्न मराठी अभ्यासकांतही वादाचा विषय झाला. श्रीपाद अमृत डांगे (१८९९–१९९१) यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात मॉर्गन व एंगेल्स यांनी सांगितलेल्या अवस्था प्राचीन भारतास लावल्या. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) यांनी त्याच वर्षी त्यावर कठोर टीका केली. पुराव्याचा शोध घेण्याऐवजी तयार साचा वापरणे त्यांना अमान्य होते. पुण्याच्या परिसरात पायी हिंडून त्यांनी शेंदूर फासलेल्या तांदळ्यांची व देवींची ठाणी, जुन्या वाटा आणि सूक्ष्मास्त्रे यांचा संबंध तपासला. भारतात जुनी अवस्था नष्ट होऊन नवी येते असे नसून भिन्न काळांतील जीवनपद्धती व श्रद्धा शेजारी-शेजारी नांदतात, हे त्यांनी दाखवून दिले.

मूल्यमापन : विल्हेल्म डिल्टाय (१८३३–१९११) याने विश्वदृष्टींच्या अवस्था न मानता प्रकार मानले होते, त्यांपैकी कोणताही प्रकार दुसऱ्यास कायमचा बाजूस सारीत नाही. याउलट युर्गेन हाबरमास याने १९७६ मध्ये प्याजे व कोलबर्ग यांच्या आधारे सामाजिक उत्क्रांतीचा अर्थ लावण्याचा नव्याने प्रयत्न केला. प्याजे व रोलांदो गार्सिया यांनी १९८३ मधील ग्रंथात बालकाचे ज्ञान आणि विज्ञानाचा इतिहास यांतील आशयाचे साम्य न सांगता, ज्ञान पुढे सरकण्याच्या यंत्रणेतील साम्य तेवढे शोधले. ही मर्यादा अर्थपूर्ण आहे. बालकाच्या वाढीचा क्रम प्रयोगाने तपासता येतो. समाज मात्र जन्मणारे, वाढणारे आणि प्रौढ होणारे एकच मन नव्हे. त्यात सर्व वयांची आणि सर्व विचारांची माणसे एकाच वेळी असतात व प्रत्येक समाजातील प्रौढ हे प्रौढच असतात. विचारांत प्रगती होते किंवा नाही हा प्रश्न अजूनही खुला आहे. परंतु एका समाजाने दुसऱ्यास बालक ठरविण्यास अवस्था-सिद्धांतात आधार सापडत नाही, हा या दोन शतकांच्या वादाचा निष्कर्ष होय.