लॉगॅरिदम नक्की कोणाला येत होते?

१, ४, ९, १६, २५. या वर्गसंख्या. शेजारशेजारच्या संख्यांमधला फरक काढा: ३, ५, ७, ९. आता या फरकांमधला फरक काढा. दर वेळी २. म्हणजे पुढचा वर्ग काढायला गुणाकार लागतच नाही. ९ मध्ये २ मिळवले की ११, ते २५ मध्ये मिळवले की ३६. वर्ग म्हणजे काय हे ठाऊक नसलेला माणूसही असे हजार वर्ग काढू शकतो.

याच युक्तीवर १७९०च्या दशकात पॅरिसमध्ये चक्क गणिताचा कारखाना चालला. क्रांतीनंतरच्या सरकारला सगळं दशमान हवं होतं, अगदी काटकोनाचेही ९० ऐवजी १०० भाग. त्यामुळे त्रिकोणमितीची नवी कोष्टकं आणि २ लाखांपर्यंतच्या संख्यांचे लॉगॅरिदम करायचं काम गास्पार द प्रोनी या इंजिनियरकडे आलं. एकट्याला जन्म पुरला नसता. पण अॅडम स्मिथने वर्णन केलेला टाचण्यांचा कारखाना त्याने वाचला होता. एक तार ओढतो, दुसरा कापतो, तिसरा टोक काढतो. त्याने लॉगॅरिदमचंही तसंच केलं.

वर मोजके गणिती, त्यांत लजांद्रसारखा दिग्गज. ते सूत्रं निवडत. मधले सात-आठ जण सूत्रांत आकडे घालून तक्ते आखत. खाली साठ ते ऐंशी जण फक्त बेरीज-वजाबाकी करत. यांतले बरेच जण सरदारांचे केस आणि टोप सजवणारे होते, असं सांगतात. क्रांतीने गिऱ्हाइकंच नाहीशी केली होती! सगळं दोनदा, वेगवेगळं करून ताडून पाहत.

चार्ल्स बॅबेजने १८३२ मध्ये लिहून ठेवलंय, की खालच्या गटातल्या बहुतेकांना बेरीज-वजाबाकीपलीकडे गणित येत नव्हतं, आणि त्यांच्याच चुका कमी निघत. मला हे अजिबात नवल वाटत नाही. आमच्या टीममध्येही अख्खी सिस्टिम डोक्यात असलेला एकही माणूस नाही, तरी ती चालते. लजांद्रला लॉगॅरिदम कळत होते, पण त्याने ही कोष्टकं केली नाहीत. ज्यांनी केली त्यांना ते कळत नव्हते. माझ्या मते विचार होता तो आखलेल्या कागदात, हातोहात फिरणारा.

सतरा जाडजूड हस्तलिखित खंड तयार झाले. छपाई मात्र रखडली. बॅबेजने या कारखान्याकडे पाहून आपलं डिफरन्स इंजिन कल्पिलं. त्याला यंत्र हवं होतं ते खालच्या साठ-ऐंशी जणांच्या जागी.