जर्मन गोवर आणि गर्भस्थ बालक

१९४१ साली सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या ७८ अर्भकांची माहिती जमविली. त्यांपैकी ६८ जणांच्या मातांना गर्भारपणी जर्मन गोवर, म्हणजेच रुबेला, येऊन गेलेला होता. वैद्याला बोलावूही नये इतका सौम्य हा आजार! मातेला दोन-तीन दिवसांचे पुरळ. गर्भाच्या वाट्याला मात्र अंधत्व, बहिरेपण, हृदयविकार. १९६९ साली लस निघाली. परंतु ती गर्भवतीस टोचावयाची नसते. म्हणून कवच उभारावयाचे ते भोवतालच्या मुलांचे. भारतात गोवर-रुबेला लसीकरणाच्या मोहिमेचा आरंभ ५ फेब्रुवारी २०१७ रोजी बंगळूर येथे झाला. पहिल्या टप्प्यात कर्नाटकाबरोबर गोवाही होता, आणि वयोमर्यादा ९ महिने ते १५ वर्षे अशी होती. त्यांतील थोरल्या मुली आता स्वतः माता होण्याच्या वयात आल्या आहेत.